कानस आणि कान

गेल्या फेब्रुवारीत, एका रविवारी, जेवणं झाल्यावर मी माझ्या तंबोऱ्याची घोडी कानशीनं घासली. या वाक्यात ज्यांना काही वावगं वाटलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दुखतेय म्हणून स्वतःची दाढ पकडीनं उपटावी, त्यातला हा प्रकार.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पुढच्या बाजूला लाकडी तबली असते आणि तबलीवर ही घोडी उभी असते. चारही तारा तिच्या पाठीवरून जातात. पाठ सपाट दिसते, पण नसते. तिला डोळ्यांना कळणार नाही इतका उतरता गोलावा असतो. तार त्या उतारावर टेकल्या न टेकल्यासारखी राहते आणि त्या जागी तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर अलीकडे राहिला तर तार मुकी, केसभर पलीकडे गेला तर पत्रा वाजल्यासारखी चरचर. बरोबर जागा सापडली की मात्र एका तारेतून आवाजांचा आख्खा झुबका बाहेर पडतो. हीच जवारी. वर्षानुवर्षं छेडून तारांचे चरे घोडीवर पडतात, जवारी बसते, आणि मग कुणा जाणकाराकडून पाठ घासून ती पुन्हा काढून घ्यावी लागते. ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं अशी माणसं आमच्याकडे मिरजेत आहेत. पण पुण्याहून मिरज सव्वादोनशे किलोमीटरच्याही पुढे, आणि मी तीन व्हिडिओ पाहिले होते. चौथा अर्धाच पाहिला, कारण तोवर मला सगळं कळलं होतं.

माझा भाचा शेजारी गिटार घेऊन बसला होता. म्हणाला, "मावशी, कॉन्फिडन्स बघ तुझा!" मी ते कौतुक म्हणून घेतलं.

चार वाजेपर्यंत तंबोऱ्याचा आवाज स्टीलच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा झाला होता. दोरा वर सरकव, खाली सरकव, जाड घाल, बारीक घाल, सगळं करून झालं. मग मी तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि तो कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभा केला. शिक्षा त्याला.

*

मी गाणं शिकले सांगलीत. आमच्या बाईंना गावात 'शिष्ठ' म्हणत. आता थोडं विषयांतर करते, पण मराठीत गर्वासाठी किती शब्द आहेत ते बघा: माज, ताठा, मिजास, गुर्मी, तोरा, फुशारकी, आढ्यता, शिवाय 'दीडशहाणा' आणि 'शेफारलेला' आहेतच. प्रत्येकाची चव वेगळी. माज पैशाचा असतो, गुर्मी सत्तेची, तोरा रूपाचा किंवा नव्या साडीचा. आणि दुसऱ्या बाजूला? 'आत्मविश्वास' हा शाळेच्या निबंधातला, इस्त्री केलेला शब्द. माझ्या आजीच्या तोंडी तो कधी आला नाही. ती 'धमक' म्हणायची. त्यातही पुरुषात धमक असायची आणि बाई 'खमकी' असायची. खमकी म्हणताना ओठ थोडे मुडपले जायचे. म्हणजे कौतुक आहे, पण सून म्हणून नको. ज्या वाक्याला पुरुषाच्या तोंडी ठामपणा म्हणतात तेच बाईच्या तोंडी आलं की तोरा होतो, हे मी बँकेत सत्तावीस वर्षं काढल्यावर सांगते आहे.

तर बाई शिष्ठ. कारण काय, तर त्या कुणाच्या घरच्या बारशाला 'एखादं गाणं म्हणा हो' म्हटल्यावर गायच्या नाहीत. चांगलं झालं नाही तर 'छान' म्हणायच्या नाहीत. आणि स्वतःचं चांगलं झालं तर 'नाही हो, कसचं' असंही म्हणायच्या नाहीत. कुणी म्हणालं, "बाई, आजचा मारवा काय लागला होता!" तर त्या म्हणायच्या, "हो, आज लागला." एवढंच. समोरच्या माणसाची पंचाईत व्हायची. आपल्याकडे स्तुतीला नकार देण्याची रीत आहे. तो नकार दिला नाही तर माणूस उद्धट ठरतो.

पण याच बाईंचा एक कार्यक्रम माझ्या डोळ्यांसमोर आहे. देवळाच्या सभामंडपातला. शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत गावातली दोन-तीन बडी मंडळी. मी मागे तंबोऱ्यावर, वय सतरा. बाईंचा ख्याल भरात आला होता. आणि अचानक त्या थांबल्या. तबलजीला हातानं थांबवलं. "माझा षड्ज हलला," त्या लोकांना म्हणाल्या. "पुन्हा लावते." वळल्या, माझ्याकडचा तंबोरा घेतला, दोन मिनिटं तारा जुळवल्या, डोळे मिटून आ लावला आणि ख्याल पहिल्यापासून सुरू केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तंबोरा माझ्या हातात होता, म्हणजे चूक माझीच. घरी परतताना रिक्षात मी रडवेली होऊन माफी मागितली. बाई म्हणाल्या, "तुझा नव्हता गं हलला. माझाच. तंबोरा बरोबर होता, म्हणून तर मला कळलं."

मग तारा का जुळवल्या? हे विचारायला मला दहा वर्षं लागली आणि तोवर बाई राहिल्या नव्हत्या. मला वाटतं, त्या तारांशी नुसतं बोलून घेत होत्या.

*

याच्या अगदी उलट एक प्रसंग. पाच-सहा वर्षांपूर्वी एका तरुण गायकाच्या साथीला तंबोऱ्यावर बसले होते. नाव झालेला मुलगा, आवाज देखणा, तयारी अशी की तान सुटली की बघत राहावं. ग्रीन रूममध्ये त्यानं मोबाइलवरच्या अॅपवर तारा लावल्या, काटा हिरवा झाला की पुढची तार. मी म्हटलं, जोडीत, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांत, एक जरा चढी वाटतेय. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. काटा मधोमध होता. मी गप्प बसले. स्टेजवर दिवे आले, दिव्यांची धग लागली, अर्ध्या तासात पंचम, म्हणजे पहिली तार, उतरला. हे होतंच, तारा आहेत त्या. मी एका समेनंतर पुढे वाकून हळूच म्हटलं, "पंचम." त्यानं मान न वळवता हात मागे करून बोटांनी झटकल्यासारखं केलं. पुढचा पाऊण तास मी उतरलेला पंचम छेडत बसले आणि तो त्याच्यावर बिनचूक, चमकदार ताना घेत राहिला.

तेव्हा मी घरी येऊन 'माज' हा शब्द वापरला. आता तितक्या खात्रीनं वापरणार नाही. कारण त्या संध्याकाळचं मला आणखी एक आठवतं. मांडीवर ठेवलेला त्याचा डावा हात मागून दिसत होता. मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पहिल्या रांगेत कुणीतरी बसलं असणार. थांबून तार लावायची म्हणजे 'काहीतरी चुकलंय' हे चारशे लोकांसमोर मान्य करायचं, आणि ते त्याला परवडणारं नव्हतं. बाईंना परवडत होतं.

परवडण्याचाच हा प्रश्न असावा असं मला हल्ली वाटतं. चूक खर्ची टाकता येते की नाही, एवढी शिल्लक खात्यात आहे की नाही. (बँकेतल्या माणसाला उपमा सुचून सुचून काय सुचणार!)

*

किशोरी आमोणकरांबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. त्यांना एकदाच समोर बसून ऐकलं. पडदा उघडला आणि तंबोरे लागेनात. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. स्वरमंडळाच्या तारा लावून झाल्या, पुन्हा तंबोरे. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि बायकोच्या कानात म्हणाले, "तोरा किती!" मागे कुणी कुजबुजलं तेव्हा स्टेजवरून नुसती नजर आली आणि अख्खं सभागृह शाळेतल्या वर्गासारखं गप्प झालं.

त्यांच्या वागण्यातलं सगळंच मी पदराखाली घेणार नाही. मोठ्या कलावंतांचा प्रत्येक फटकळपणा साधनेच्या खात्यावर जमा करायची आपल्याला सवय आहे आणि ती चांगली नाही. पण त्या तंबोऱ्यांच्या पंधरा मिनिटांना तोरा म्हणायला मी तयार नाही. तरुणपणी ज्यांचा आवाज गेला होता, काही काळ गाणं बंद ठेवावं लागलं होतं, त्यांना सूर हा हक्काचा वाटत नसणार. आपण गेलो की तो हजर असेलच, असं धरून चालता येत नसणार. तोरा असणाऱ्या माणसाला तपासून बघायची गरजच पडत नाही, आणि इथे तर ही बाई चारशे माणसांना खोळंबून ठेवून तपासत होती. लोकांना त्यात मिजास दिसली, कारण आपल्याला उशीर झाला होता.

*

अखेर एप्रिलमध्ये सुट्टी काढून तंबोरा मिरजेला नेला. गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, वर सीटबेल्ट लावून. पेठ नाक्याला वळले तेव्हा ऊन असं होतं की डांबर हलल्यासारखं दिसत होतं.

मिरजेच्या या धंद्याची सुरुवात मला नेहमी गमतीची वाटते. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम ओसरलं. मिरज संस्थान गाण्याचं शौकीन, उत्तरेचे गवई-वादक येत-जात, त्यांची वाद्यं मोडत. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावानं ती दुरुस्त करता करता नवी बनवायला घेतली आणि घराण्याचं नावच सतारमेकर पडलं. ज्या हातात धार लावायची कानस होती त्याच हातात घोडी घासायची आली. अर्थात हे मला माहीत असूनही मी तीन व्हिडिओ पाहिले होते.

ज्यांच्याकडे गेले ते चाचा सत्तरीचे. छोटी खोली, दारात पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे एकावर एक रचलेले, आत लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. जमिनीवर तरट. चाचांनी गवसणी काढली, एकदाच चारही तारांवरून बोट फिरवलं आणि घोडीकडे वाकून बघितलं.

"कानस कुनी मारली?"

"मीच."

"हां."

त्या 'हां'मध्ये काही नव्हतं. मी वाट बघत होते की आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि चहा सांगितला. "गाडीतनं आलाय, तापलाय. तासभर बसू दे त्याला. आत्ता काढली तर आत्ताचीच निघंल."

तासभर आम्ही बोललो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी म्हटलं, आनंद झाला असेल. म्हणाले, "झाला की. भोपळं महागलं त्याचं काय?" मग मी विचारू नये ते विचारलं, की इतकं घासून ठेवलंय मी, निघेल ना नीट? दुसऱ्या कुणाला दाखवावं का?

चाचा बशीतला चहा संपवत म्हणाले, "दाखवा की. गल्ली सगळी आपलीच हाय. पर ह्या घोडीवर जेवढी शिल्लक हाय तेवढी मी काढीन. माझ्यापेक्षा जास्त कुनी काढून देनार न्हाई."

आवाज वर गेला नाही, की माझ्याकडे बघितलंही नाही. बाहेर ऊन आहे हे ज्या सुरात सांगावं त्या सुरात हे वाक्य आलं. असं वाक्य ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी बोललं असतं तर मी मनात एक शेलका शब्द काढला असता. इथे तो सुचलाच नाही.

मग काम. तारा ढिल्या केल्या, घोडी पुढे ओढून घेतली. कानस माझ्या कानशीपेक्षा लहान, बारीक दातांची. तीन-चार वेळा, एकाच दिशेनं, मग फुंकर. बोटाच्या टोकानं पाठीवरून चाचपणी. पुन्हा दोनदा. पुन्हा फुंकर. मी तासभर सलग घासली होती. यांचा घासण्यापेक्षा थांबण्यातच जास्त वेळ जात होता. तारा चढवल्या, दोरा घातला, छेडलं. कान तुंब्याजवळ. उतरवल्या. पुन्हा दोनदा कानस. असं किती वेळा झालं ते मोजायचं सोडून दिलं.

दीडेक तासानं खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, लागला आणि त्याच्यातून तो गंधार वर आला. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, पण खर्ज खरा लागला तर तो आपोआप ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. माझ्या घरी तो कितीतरी महिन्यांत आला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं झालं, पैसे किती.

चाचांनी मात्र आत हाक मारली. दहा-अकरा वर्षांचा नातू आला. शाळेचा शर्ट, खाली हाफ पँट, हातात अर्धा खाल्लेला पेरू. "बघ रं, काय म्हनतीय?"

पोरानं पेरू मांडीवर ठेवला, हात शर्टला पुसले आणि एकेक तार छेडली. दोनदा. मग म्हणाला, "जोडीतली दुसरी जरा बसल्यागत येतीय."

मला तर चारही तारा स्वर्गात गेल्यासारख्या वाटत होत्या. मी चाचांकडे बघितलं. मला वाटलं, हसतील, पोराचं कौतुक करतील आणि सोडून देतील. त्यांनी तार छेडून कान लावला. बराच वेळ. मग काही न बोलता खुंटी ढिली केली, तार बाजूला सारली आणि कानस उचलली. पोरगं पेरू खात तिथेच उभं.

थोड्या वेळापूर्वी ज्यानं 'माझ्यापेक्षा जास्त कुणी काढून देणार नाही' म्हटलं होतं, तोच हा माणूस. आणि ते वाक्य खोटं ठरलं नव्हतं. उलट, जास्तीत जास्त निघते ती अशीच, दहा वर्षांच्या पोराचे कान जमेस धरून.

निघताना मी दहा वेळा आभार मानले. चाचांनी पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, "कान बरा हाय तुमचा. हात घाईचा हाय. आता ही घोडी आनी एकदाच निघंल, मग बदलावी लागंल. घरी कानस आसंल तर कुनाला तरी देऊन टाका."

*

परत येताना सांगलीत मुक्काम केला. संध्याकाळी जुन्या गावातल्या गल्ल्यांतून चालत होते तेव्हा मोगूबाई कुर्डीकर आठवल्या, किशोरीताईंच्या आई. १९२१ च्या सुमाराची गोष्ट. मोगूबाई सांगलीत होत्या, वय सोळा-सतरा, गोव्यातल्या कुर्डी गावची मुलगी, डोक्यावर आईचं छत्र नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीत वैद्य आबासाहेब सांबाऱ्यांकडे आले होते. जाता-येता त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडायचा. एक दिवस ते आत आले आणि तिला गायला सांगितलं. समोर कोण बसलंय हे तिला माहीत नव्हतं. पुढे त्यांनी तिला शिकवायला घेतलं.

ही गोष्ट सांगताना लोक नेहमी मोगूबाईंचं भाग्य सांगतात. मला त्या दिवशी खाँसाहेबांचे पाय दिसत होते. पासष्टीचा माणूस, ज्याच्या गायकीपुढे देशभरचे गवई दबून असत, रस्त्यानं चाललाय. एका घरातून कुणा अनोळखी पोरीचा आवाज येतो आणि हा चालायचा थांबतो. थांबतो म्हणजे काय? आपल्याला जे येतं त्याच्या बाहेरचं काही कानावर पडू शकतं, एवढी जागा कानात मोकळी ठेवलेली असते. त्यांचाही आवाज तरुणपणी अतिगाण्यानं बसला होता आणि बसल्या आवाजातून त्यांनी ती पेचदार गायकी उभी केली होती. आयुष्यात एकदा सगळं गमावलेल्यांचे कान असे मोकळे राहतात की काय, कोण जाणे. तसं म्हणावं तर सगळं गमावून कडवट झालेले आणि कुणाचंच न ऐकणारे लोकही मला चांगले ठाऊक आहेत. त्यातला एक तर आमच्या घरातच होता. तेव्हा हा नियम नको.

*

तंबोरा आता खिडकीपासून लांब ठेवते. कानस भाच्याला दिली, त्यानं ती हॉस्टेलवर कशाला तरी वापरली म्हणे. तो रविवारी येतो तेव्हा मी सकाळचा रियाज करत असते आणि तो स्वयंपाकघरात स्वतःसाठी ऑम्लेट करत असतो.

परवा विलंबित चांगला चालला होता. आलाप मनासारखा होत होता आणि आपल्याला जमतंय हे आपल्यालाच कळल्यावर छातीत जी ऊब येते ती आली होती. तेवढ्यात आतून, तव्यावरच्या चुरचुरीवरून आवाज आला, "मावशी, ती पहिली तार उतरलीय गं."

"माहितीय मला," मी म्हटलं आणि तारेचा मणी सरकवला.

माहीत नव्हतं.